अतिथिसंविभाग : टिटिकाका सरोवरातील बेटांवर

परदेशप्रवासाचा विषय निघाला की आपल्या घरांतून येणारा पहिला प्रश्न विमानभाड्याचा नसतो, ‘तिकडे जेवणाचे काय?’ असा असतो. गेल्या वर्षी जून महिन्यात, चातुर्मास बसण्यापूर्वी, आम्ही उभयतांनी आणि पुण्याच्या एका स्नेही दांपत्याने पेरू देशातील टिटिकाका सरोवरावर जाण्याचे ठरविले, तेव्हा हा प्रश्न नेहमीपेक्षा अवघड होता. कारण टिटिकाकाभोवतीचा प्रदेश म्हणजे बटाट्याचे माहेर. सात-आठ हजार वर्षांपूर्वी याच पठारी मुलखात रानटी कंदांपासून बटाट्याची लागवड सुरू झाली. पुढे स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पोर्तुगीजांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणला. मराठीतील ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांचाच. ज्या कंदाला अनंतकाय मानून आपण वर्ज्य करतो, त्याच कंदावर तेथील माणूस पिढ्यान्‌पिढ्या जगत आला आहे. आणि आम्हांला राहायचे होते बेटावरील एका शेतकऱ्याच्या घरी, त्याच्याच चुलीच्या आधाराने.

व्रत सांभाळून परक्याच्या घरचा पाहुणा होता येते काय, हा प्रश्न मनात घेऊन आम्ही गेलो. त्याचे उत्तर मिळालेच. त्यासोबत तेथील लोक पाहुण्यांची आणि पाहुण्यांपासून होणाऱ्या उत्पन्नाची आपसांत वाटणी कशी करतात, हेही जवळून पाहता आले. व्यापारी घरांतील वाचकांना हा दुसरा भाग अधिक जवळचा वाटेल, असा माझा अंदाज आहे.

साडेबारा हजार फुटांवरचे पाणी

टिटिकाका सरोवर समुद्रसपाटीपासून 3,812 मीटर, म्हणजे सुमारे साडेबारा हजार फूट उंचीवर आहे. लेह शहराहूनही ही उंची अधिक. आपल्या कळसूबाईच्या तर दुपटीहून जास्त. अँडीज पर्वताच्या दोन रांगांमधील पठारावर पसरलेल्या या जलाशयाचे क्षेत्रफळ आठ हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. पुणे जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याखाली गेला आहे अशी कल्पना केली, तर त्याच्या विस्ताराचा अंदाज येईल. पश्चिमेचा भाग पेरूकडे आणि पूर्वेचा बोलिव्हियाकडे आहे. इंका लोकांच्या पुराणकथेनुसार त्यांचा पहिला राजा मांको कापाक आणि त्याची राणी याच सरोवरातून प्रकट झाली.

आम्ही लिमाहून विमानाने कुस्कोला आणि तेथून बसने ला राया ही उंच खिंड ओलांडून सरोवरकाठच्या पुनो शहरी पोहोचलो. या उंचीवर प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो. चार पायऱ्या चढल्या तरी छाती भरून येते. पाणीही 87 अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागते, त्यामुळे डाळ शिजायला दुप्पट वेळ लागतो. आपला जून हा त्या गोलार्धातील हिवाळा. दिवसा डोळे दिपवणारे ऊन, तर रात्री पाणी गोठविणारी थंडी. सूर्य सव्वापाचच्या सुमारासच मावळतो. चौविहार पाळणाऱ्याने ही वेळ आधीच लक्षात ठेवलेली बरी.

लव्हाळ्यांची बेटे

सकाळी आठच्या सुमारास पुनोच्या धक्क्यावरून आमची लाँच निघाली. अर्ध्या तासात दोन्ही बाजूंना उंच हिरव्या लव्हाळ्यांच्या भिंती लागल्या. या पाणवनस्पतीला तेथे ‘तोतोरा’ म्हणतात. उरोस लोक तिच्यापासून घर बांधतात, होडी विणतात, चूल पेटवितात, तिचा पांढरा कोवळा बुंधा सोलून खातात आणि ज्या जमिनीवर राहतात ती जमीनदेखील तिच्यापासूनच तयार करतात.

जमीन तयार करण्याची रीत पाहण्याजोगी आहे. तोतोराच्या मुळांचे एकमेकांत गुंतलेले जाड थर पाण्यावर तरंगतात. लांब करवतीने त्यांचे मोठमोठे ठोकळे कापून काढतात, ते निलगिरीच्या खुंट्यांना दोरांनी बांधून एकमेकांना जोडतात आणि त्यांवर कापलेल्या तोतोराचे आडवे-उभे थर पसरतात. मग सारे बेट वाऱ्याने वाहून जाऊ नये म्हणून तळाशी नांगरून ठेवतात. खालचे थर सतत कुजत असतात, म्हणून वर नवे घालावे लागतात. पावसाळ्यात तर अधिकच वारंवार. पाय ठेवला की गादीवर चालल्यासारखे वाटते. एका बेटावर चार-सहा कुटुंबे आणि त्यांचा एक प्रमुख असतो. आम्ही उतरलो त्या बेटाच्या प्रमुखाने लहानशी प्रतिकृती हातात घेऊन हे सारे करून दाखविले. ‘कुटुंबांचे आपसांत पटले नाही तर?’ असे आमच्या स्नेह्यांनी विचारले. उत्तरादाखल त्याने करवत उचलून बेटाच्या मधोमध फिरविल्यासारखी केली. भाऊबंदकीचा असा निकाल लावता येतो हे पाहून आम्हां चौघांनाही हसू आवरेना. वडिलोपार्जित दुकानाच्या वाटणीसाठी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजविणारी काही घरे आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली होती.

उरोस लोकांची मूळ भाषा आता लोपली आहे. ते आयमारा भाषा बोलतात. झोपड्यांवर सौरपट आहेत आणि कित्येकांचे उत्पन्न प्रवाशांना विकल्या जाणाऱ्या भरतकामावर व होडीच्या फेरीवर अवलंबून आहे. येणारा प्रवासी तासाभरात निघून जातो. त्यामुळे प्रत्येक गोष्ट घाईने दाखविली जाते आणि घाईने विकली जाते. त्यात त्यांचा दोष नाही. परंतु बेटावर रात्र काढल्याविना तेथील माणसे कळायची नाहीत, हे तेथेच पटले.

पाहुण्यांची पाळी

उरोसपासून पुढे सुमारे तीन तासांचा जलप्रवास करून आम्ही आमंतानी या बेटावर पोहोचलो. हे बेट तरंगते नाही. पाण्यातून वर आलेला तो एक डोंगरच आहे. क्षेत्रफळ नऊ चौरस किलोमीटरच्या आसपास आणि लोकवस्ती सुमारे चार हजार. येथील लोक क्वेचुआ भाषा बोलतात. डोंगरउतारावर दगडी बांधांच्या पायऱ्या रचून बटाटा, ओका नावाचा दुसरा एक कंद, किन्वा, सातू आणि बाकल्याच्या शेंगा पिकवितात, मेंढ्या पाळतात, लोकर विणतात. बेटावर मोटारगाडी नाही.

धक्क्यावर पांढरे, भरतकाम केलेले पोलके, रंगीत घेरदार झगा आणि डोईवर काळी ओढणी अशा वेशातल्या आठ-दहा स्त्रिया ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात सूतकताईची चाती. बोलताना, चालताना, वाट पाहताना लोकर कातणे सुरूच. वस्तीचा प्रमुख हातातील वही पाहून नावे पुकारीत होता आणि एकेक स्त्री पुढे येऊन आपले पाहुणे घेऊन जात होती. आम्हां चौघांच्या वाट्याला पन्नाशीतील एक बुटकी, हसऱ्या चेहऱ्याची बाई आली. तिने माझ्या पत्नीची पिशवी न विचारता उचलली आणि चढण चढू लागली. आम्ही धापा टाकीत मागे.

बँकेच्या नोकरीत जन्म गेल्यामुळे कोणतीही वही दिसली की तिच्यात काय लिहिले आहे हे जाणून घेण्याची मला उत्सुकता असते. वाटाड्याकडून समजले ते असे. बेटावर दहा वस्त्या आहेत. आलेले प्रवासी वस्त्यांना पाळीपाळीने दिले जातात आणि वस्तीमध्ये घरांना पाळीपाळीने. ज्याने खोली तयार केली, अंथरूण-पांघरूण आणि शौचालयाची सोय केली, त्याचे नाव वहीत चढते. आज ज्या घरी पाहुणे आले, त्याची पुढची पाळी बाकी साऱ्यांची होईपर्यंत येत नाही. पाहुण्याने अमुकच घर हवे असे म्हणायचे नाही आणि घरवाल्याने धक्क्यावर येऊन गिऱ्हाईक ओढायचे नाही.

आपल्याकडे कालव्याच्या पाण्याची ‘पाणीपाळी’ असते, तशीच ही पाहुणेपाळी. पाणी थोडे आणि शेते पुष्कळ असली की जो तो आपल्याकडे पाट वळवू लागतो आणि शेवटच्या शेताला काहीच पोहोचत नाही. ते टाळण्यासाठी पाळी. येथे प्रवासी थोडे आणि घरे पुष्कळ.

श्रावकाच्या बारा व्रतांतील शेवटचे व्रत अतिथिसंविभागाचे. आपल्यासाठी तयार झालेल्या अन्नातील योग्य भाग अतिथीला, विशेषतः साधु-साध्वींना, द्यावा हा त्याचा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो. ‘संविभाग’ म्हणजे नीट, न्यायाने केलेली वाटणी. आमंतानीच्या धक्क्यावर उभा असताना या शब्दाचा आणखी एक अर्थ मला दिसला. येथे अन्न तर अतिथीला वाटून दिले जातेच, आणि अतिथीही शेजाऱ्यांमध्ये वाटून घेतला जातो. हा अर्थ शास्त्रातील नव्हे, माझ्या मनात आलेला आहे. जाणकारांनी तो तेवढ्याच मर्यादेत घ्यावा.

ही पद्धत सर्वत्र आणि सर्वकाळ निर्वेध चालते असे मात्र नाही. पुनोमधील काही मध्यस्थ आपल्या ठरलेल्या घरीच प्रवासी पाठवितात. मग पाळीची वही बाजूला राहते आणि चार घरे सतत भरलेली, बाकीची रिकामी अशी स्थिती येते. ज्याच्यापाशी नौका आहे त्याचा लाभ नुसत्या खोलीवाल्यापेक्षा मोठा होतो, यावरूनही बेटावर मतभेद झाले आहेत. काही जणांनी खर्च करून खोल्या अधिक चांगल्या केल्या. चांगल्या खोलीला आणि साध्या खोलीला सारखीच पाळी का, असे ते विचारतात. हा युक्तिवाद आपल्या बाजारपेठेतही ऐकू येतो, आणि तो अगदीच चुकीचा आहे असे मला म्हणता येणार नाही. परंतु नऊ चौरस किलोमीटरच्या बेटावर शेजाऱ्याचे घर कायम रिकामे ठेवून आपले घर भरलेले ठेवणे किती काळ पचेल, हाही प्रश्न तितकाच खरा आहे.

चुलीपाशी

आमच्या भोजनाचे नियम आम्ही पुनोहून आधीच स्पॅनिशमध्ये लिहून पाठविले होते. मांस, मासे, अंडी नकोत; बटाटा, ओका, कांदा, लसूण, गाजर असे जमिनीखालचे काहीही नको; चीज नको, कारण दूध साकळविण्यासाठी वासराच्या पोटातील रेनेट वापरण्याची तिकडे रीत आहे; आणि जेवण सूर्यास्तापूर्वी. घराच्या धन्याने तो कागद आम्हांस दाखविला. मग वाटाड्यामार्फत अत्यंत गंभीरपणे विचारले, “मग तुम्ही जगता कशावर?”

या कागदावरून थोडी गंमतही झाली. क्वेचुआ भाषेत मामा म्हणजे आई आणि ताता म्हणजे वडील. संस्कृतातील ‘तात’ आठवून मला आनंद झाला. परंतु पापा म्हणजे बटाटा! आणि स्पॅनिशमध्ये लसणाला म्हणतात आहो. माझ्या पत्नीने सवयीप्रमाणे मला ‘अहो’ म्हणून हाक मारली की वाटाड्या दचके आणि लसणाविषयी काही तक्रार आहे काय असे विचारी.

खरा पेच वहिनींचा, म्हणजे माझ्या स्नेह्यांच्या पत्नींचा होता. ज्या भांड्यांत एरवी मासे शिजतात त्यांतील अन्न त्या घेत नाहीत. खाखरे, भाजलेले मूग आणि सुका मेवा एवढ्यावर दोन दिवस काढण्याची त्यांची तयारी होती. पण वहिनी काहीच घेणार नाहीत असे कळताच यजमानीणबाईचा चेहरा उतरला. तिची पाळी कित्येक दिवसांनी आली होती. पाहुणी तिच्या घरून उपाशी गेली असे वस्तीत म्हटले जाणे तिला रुचणारे नव्हते. नियम मोडायचा नाही आणि यजमानाचे मनही मोडायचे नाही, या दोहोंमध्ये वहिनी काही क्षण अडकल्या. मग त्यांनी आपल्या सामानातून स्टीलचे पातेले, पळी आणि पाणी गाळण्याचे कापड काढले आणि चुलीकडे बोट दाखवून नजरेनेच विचारले. यजमानीणबाई बाजूला सरकली आणि तिने आपल्या शेजारची जागा हाताने झाडून दिली.

त्यापुढील तासभर मातीच्या भिंतींच्या त्या धुरकट स्वयंपाकघरात दोघी शेजारी शेजारी बसून होत्या. एकीला मराठी आणि मारवाडी येत होती, दुसरीला क्वेचुआ. बाईने किन्वा दोन-तीन पाण्यांतून चोळून धुतला. त्याच्या टरफलातील कडवटपणा काढण्यासाठी तसे करावेच लागते. वहिनींनी पाणी गाळून आधण ठेवले, किन्वा निवडून त्यात सोडला, बाईने सोललेले बाकल्याचे दाणे पुढे केले, वहिनींनी आपल्या डब्यातील जिरे आणि हिंग काढले. हिंगाचा वास घेऊन बाईने नाक मुरडले आणि दोघीही हसत सुटल्या. दुसऱ्या भांड्यात पुदिन्यासारख्या वासाची ‘मुन्या’ नावाची वनस्पती उकळत होती. उंचीवरील त्रासावर आणि पचनावर तेथील लोक तिचाच काढा घेतात. साडेचारच्या सुमारास आम्ही चौघे जेवलो. किन्व्याची ती पातळ खिचडी आणि मक्याचे भाजलेले दाणे. त्या थंडीत इतके रुचकर अन्न मी क्वचितच जेवलो असेन. यजमानांच्या ताटांत त्यांचे उकडलेले बटाटे होते. त्यांचे अन्न त्यांच्या ताटात, आमचे आमच्या ताटात, चूल मात्र एक.

जमिनीखालचे का नको, हे मी वाटाड्यामार्फत समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. कंदात असंख्य जीव असतात, कंद उपटला की सारे रोपच मरते, माती उकरताना मातीतील जीवांना इजा होते. आणि मातीलाही आपल्याकडे सजीव, पृथ्वीकाय मानतात. यजमान शांतपणे ऐकत होते. माती सजीव आहे हे ऐकून त्यांनी मान डोलावली. ते म्हणाले, माती म्हणजे पाचामामा, भूमाता. ऑगस्टमध्ये आम्ही तिला नैवेद्य देतो आणि मगच नांगर धरतो. न विचारता तिचे अंग उकरायचे नसते. ते विचारून उकरतात, आपण शक्य तेथे उकरणे टाळतो. दोन्हींत अंतर मोठे आहे आणि ते मिटवून टाकण्याचे कारण नाही. तेथील लोक मेंढी कापतात, मासे धरतात; अहिंसेचा आपला विचार त्यांच्या जीवनात नाही. परंतु माती मुकी आणि जड आहे, तिचे हवे ते करावे, असे त्यांनाही वाटत नाही.

अंगणात चून्यो वाळत पडले होते. जूनमधील कडाक्याच्या थंडीत बटाटे रात्री उघड्यावर गोठवितात, दिवसा उन्हात सुटू देतात, पायांनी तुडवून त्यांतील पाणी काढतात आणि पुन्हा वाळवितात. असे वाळलेले बटाटे वर्षानुवर्षे टिकतात. पीक बुडालेल्या वर्षी सारे घर त्यावर तगते. आपल्याकडील सांडगे-पापडांची, बेगमीच्या धान्याची आठवण झाली. त्या मुलखात बटाटा ही चैन नाही, विमा आहे, हे तो ढीग पाहून समजले.

पाचामामा आणि पाचाताता

बेटावर दोन शिखरे आहेत. एकाचे नाव पाचामामा, दुसऱ्याचे पाचाताता. भूमाता आणि भूपिता. दोन्हींवर प्राचीन, दगडी कुंपणाची देवस्थाने आहेत. वर्षातून एकदा, जानेवारीतील उत्सवाच्या दिवशी, ती उघडली जातात. एरवी दार बंद. पाहुणे बाहेरूनच तीन प्रदक्षिणा घालतात. आम्ही पाचाताताच्या शिखराकडे निघालो. ते 4,100 मीटरहून उंच आहे. दर वीस पावलांनी थांबत, श्वास सावरत गेलो. वर पोहोचलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता आणि पूर्वेकडे बोलिव्हियातील हिमशिखरे गुलाबी झाली होती. आम्ही चौघांनी एका दगडाआड, वारा चुकवून, नवकार म्हटला. सोबतचे इतर प्रवासी रात्रीच्या जेवणाकडे घाईने उतरले. आमचे जेवण आटोपलेले होते, त्यामुळे आम्हांला घाई नव्हती.

रात्री वस्तीच्या दिवाणखान्यात बासरी आणि ढोलाच्या तालावर नाच झाला. यजमानीणबाईने दोघींना आपले झगे आणि ओढण्या नेसविल्या. सौरदिव्याच्या मंद प्रकाशात गुडघेदुखी विसरून त्या दोघींनी धरलेला फेर पाहून आम्हांला नवरात्रातील गरब्याची आठवण झाली. नंतर लोकरीच्या जाडजूड पांघरुणांखाली झोपलो.

ताकिलेचे दुकान

दुसऱ्या दिवशी सकाळी तासाभराच्या जलप्रवासाने ताकिले बेटावर गेलो. धक्क्यापासून गावापर्यंत पाचशेहून अधिक दगडी पायऱ्या आहेत. शत्रुंजयाची चढण केलेल्या वाचकांना त्यांचे भय वाटू नये, परंतु येथे हवा विरळ आहे. ताकिलेची वस्त्रकला युनेस्कोने 2005 मध्ये मानवजातीचा मौलिक वारसा म्हणून गौरविली आणि 2008 मध्ये ती अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत घेतली. येथे स्त्रिया मागावर विणतात आणि पुरुष सुयांवर. मुलगे लहान वयातच लोकरी टोपी, म्हणजे ‘चुयो’, विणायला शिकतात. पूर्ण लाल टोपी असली तर पुरुष विवाहित, वरचा भाग पांढरा असला तर अविवाहित. कमरेच्या रुंद पट्ट्यावर वर्षभरातील शेतीची कामे आणि विधी चिन्हांच्या रूपाने विणलेले असतात. पंचांगच कमरेला बांधलेले म्हणावे.

ताकिलेची जमीन एके काळी बाहेरच्या जमीनदारांकडे होती. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बेटवासीयांनी पैसा जमवून ती तुकड्यातुकड्याने विकत घेतली. शेतीसाठी बेटाचे सहा भाग पाडले आहेत. कोणत्या भागात कोणते पीक घ्यायचे आणि कोणता भाग पडीक ठेवायचा हे सर्वांनी मिळून ठरवायचे. धुळे-नाशिककडील वाचकांना पांझराकाठची जुनी फड पद्धत ठाऊक असेल. तिचेच हे दूरचे भावंड म्हणता येईल.

चौकात सहकारी विक्रीभांडार आहे. प्रत्येक वस्तूला विणणाऱ्याची चिठ्ठी आणि ठरलेली किंमत. घासाघीस नाही. विकलेल्या मालाची रक्कम भांडाराचा अल्प भाग वजा जाता विणणाऱ्याला मिळते. भांडारात बसण्याचे कामही बेटवासी पाळीने करतात. आमच्या स्नेह्यांचे कापडाचे दुकान आहे. त्यांनी एक पट्टा हातात घेऊन वीण मोजली, उलट बाजू पाहिली, किती दिवसांचे काम असेल याचा मनाशी हिशेब केला आणि किंमत न बोलता मोजून दिली. बाहेर आल्यावर म्हणाले, “माल पाहता भाव कमीच आहे.” तीस वर्षे पेढीवर बसलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकणे दुर्मीळच.

वाहतुकीची गोष्ट मात्र वेगळी. पूर्वी ताकिलेवासी स्वतःच्या नौका बांधून प्रवाशांची ने-आण करीत आणि ते उत्पन्न बेटावरच राही. 1990 च्या दशकात धोरण बदलले, वाहतूक सर्वांना खुली झाली आणि पुनोतील व्यावसायिकांच्या लाँचेसनी बहुतेक प्रवासी ओढून घेतले. आता बहुसंख्य लोक दुपारी येतात, जेवतात, छायाचित्रे काढतात आणि परत जातात. बेटाकडे माणसे पुष्कळ येतात, पण त्यांच्या खर्चातला थोडाच भाग तेथे उरतो. स्पर्धेने तिकीट स्वस्त झाले हे खरे; ते कोणाच्या खर्चाने स्वस्त झाले, हे ताळेबंदाची दुसरी बाजू पाहिल्याविना समजत नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया वा शेंगेन देशांचा पुरेशा मुदतीचा व्हिसा असल्यास भारतीयांना पेरूच्या पर्यटन व्हिसातून सवलत मिळते. निघण्यापूर्वी दूतावासाकडे चालू नियमांची खात्री करून घ्यावी. रक्तदाब, हृदय वा श्वसनाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याविना या उंचीवर जाऊ नये. इतरांनीही बेटावर जाण्यापूर्वी कुस्को किंवा पुनो येथे दोन-तीन दिवस विसावा घ्यावा. मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम. लोकरीचे कपडे, विजेरी, लहान पातेले आणि गाळण्याचे कापड जवळ असावे. पेरूमध्ये कोकाच्या पानांचा चहा सर्रास देतात. ती पाने भारतात आणणे बेकायदेशीर आहे, म्हणून सामानात एकही पान राहू देऊ नये. यजमानांसाठी तांदूळ, साखर, फळे आणि मुलांकरिता वह्या-पेन्सिली न्याव्यात. बेटावर त्यांची खरी गरज असते.

आपले भोजननियम स्पॅनिशमध्ये लिहून आधीच पाठवावेत, आणि ‘बटाटा नको’ एवढेच न लिहिता किन्वा, मका, बाकल्याचे दाणे, भात चालेल हेही लिहावे. काय नको हे कळल्याने यजमान गोंधळतो. काय चालते हे कळले की तो कामाला लागतो.

आणि मुक्काम ठरविताना मध्यस्थाला दोन प्रश्न अवश्य विचारावेत : घर वस्तीच्या पाळीने मिळणार आहे काय, आणि आम्ही देतो त्यातील किती रक्कम त्या घरी पोहोचते. आम्ही मुक्कामाचे पैसे बेटावरच देण्याचे ठरविले होते. निघताना वहिनींनी ते यजमानीणबाईच्या हाती ठेवले. तिने ते मोजले, ओढणीच्या गाठीत बांधले, आणि मग आत जाऊन हिंगाची डबी मागून घेतली.